डॉक्टर, फिरायचे कोठे?

गेल्या सोमवारी दवाखान्यात एक आजीबाई आल्या. वय पासष्टच्या पुढे, रक्तात साखर, रक्तदाब वाढलेला, गुडघे धरलेले. तपासणी झाली, चिठ्ठी लिहून दिली आणि नेहमीच्या सवयीने मी म्हणालो, ‘‘गोळ्या वेळेवर घ्या, गोड बंद करा आणि रोज अर्धा तास फिरत जा.’’ आजीबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, ‘‘डाक्टर, फिराले सांगतस, पन फिरू कोठे?’’

बाकावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. परंतु तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मी या गावात वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. ‘रोज फिरावे’ हा सल्ला मी किती हजार वेळा दिला असेल, याचा हिशेब नाही. मात्र रुग्णाने फिरायचे कोठे, किती वाजता आणि कोणत्या सावलीतून, हे मी एकदाही विचारले नव्हते. औषध लिहून द्यायचे आणि ते गावातल्या कोणत्याच दुकानात मिळते की नाही हे पाहायचे नाही, असा हा प्रकार झाला.

चैत्र सरत आला आहे. आखाजी तोंडावर आहे. वाचकहो, म्हणून या आठवड्यात एखाद्या रोगाविषयी न लिहिता आपल्या गावच्या उन्हाविषयी आणि सावलीविषयी लिहितो. हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

खानदेश हे वाळवंट नाही. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आपल्याकडे पडतो, तापीकाठी केळी पिकते, काळ्या जमिनीत कापूस होतो. पण मार्चच्या अखेरीपासून मृग लागेपर्यंत धरणगाव काय, जळगाव काय आणि भुसावळ काय, वाळवंटापेक्षा फारसे वेगळे नसते. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी बाजारात चिटपाखरू दिसत नाही. वर्तमानपत्रात आपण वाचतो तो आकडा सावलीतला असतो, हेही लक्षात ठेवावे. हवामान खात्याचा तापमापक हवेशीर, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उघड्या डांबरी रस्त्यावरून डोक्यावर ऊन घेत चालणाऱ्या माणसाच्या शरीरावरचा भार त्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहू पाहते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मुख्य मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने घाम चटकन सुकतो आणि माणसाला वाटते, मला घाम आलाच नाही. मुंबईत सदरा चिंब होतो म्हणून तहान आठवते. आपल्याकडे सदरा कोरडा राहतो आणि शरीर आतून कोरडे होत जाते. लघवी पिवळी, कमी आणि जळजळीची होते. मुतखड्याचे रुग्ण उन्हाळ्यात वाढतात, त्याचे एक कारण हेच आहे.

‘ऊन काय आजचे आहे का? आमच्या वाडवडिलांनी याच उन्हात शेती केली,’ असे एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी सुनावतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ऊन जुनेच आहे, तरी ते आता वाढतेही आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानुसार २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा पृथ्वी त्या वर्षी सुमारे दीड अंशाने अधिक तापलेली होती. पण माझ्या स्नेह्यांना मी दुसरीच गोष्ट सांगतो. वाडवडिलांनी उन्हाशी नुसती टक्कर दिली नाही, उन्हाचे वेळापत्रक पाळले. ते वेळापत्रक आपण मोडले.

माझे लहानपण आठवते. धाब्याचे घर होते. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे. दुपारी आत शिरले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण जिवाला गार वाटायचे. शेतकरी पहाटे शेतात जात आणि ऊन चढण्याच्या आत परतत. दुपारी आम्हा मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. ओट्यावर नाहीतर कडुनिंबाखाली चिंचोके, पत्ते, अष्टचंग असले बैठे खेळ चालत. सूर्य कलला की मैदानावर हुतूतू, आट्यापाट्या आणि विटीदांडू. रात्री सारे घर धाब्यावर झोपायला. उन्हाळा होता, पण घराबाहेरचे जगणे बंद नव्हते. ते फक्त सकाळी, संध्याकाळी आणि सावलीत सरकलेले होते.

आज धाब्याच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला, गरिबाच्या घरावर पत्रा आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते ओकत राहतो. बाहेर बरी झुळूक असली तरी खोलीत भट्टी असते. ओटे गेले, त्यांच्या जागी मोटारसायकली उभ्या राहिल्या. शाळेच्या मैदानाला सुट्टीत कुलूप. मूल दुपारभर मोबाइल घेऊन बसते आणि संध्याकाळी बाहेर जा म्हटले तर जाण्याजोगी जागा सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांनी रोज किमान एक तास अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि मोठ्यांनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे तरी भरभर चालावे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, गुडघेदुखी, झोप न लागणे या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी हेच सांगतो. वर्षातले तीन महिने ते पाळणे अशक्य व्हावे असे गाव आपणच करून ठेवले, तर माझ्या चिठ्ठीचा उपयोग काय?

आता एक कबुली देतो, कारण दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे अंगण पाहावे. माझ्या दवाखान्यासमोर एक कडुनिंब होता. वडिलांच्या वेळचा, दोन हातांच्या कवेत न मावणारा. त्याखाली रुग्ण बसत, लेकुरवाळ्या बाया मुलांना पाजत, एक चांभारदादा दुकान मांडून असत. त्याची पाने गटारीत पडायची, पाटी झाकली जायची, मोटारीवर पाखरे घाण करायची. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी तो तोडला. परवानगी रीतसर घेतली होती; कायद्याने माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. त्या जागी रुग्णांच्या सोयीसाठी म्हणून पत्र्याचे शेड टाकले आणि पंखा लावला.

वाचकहो, त्या शेडखाली दुपारी उभे राहवत नाही. वरून पत्रा तापतो आणि पंखा गरम हवा अंगावर फेकतो. तापाने फणफणलेले मूल तेथे अर्धा तास बसून माझ्यापुढे येते, तेव्हा त्याच्या अंगातला ताप आजाराचा किती आणि माझ्या शेडचा किती, हे थर्मामीटर सांगत नाही. चांभारदादा दुसऱ्या दिवसापासून दिसले नाहीत. ते कोठे गेले हे मी कधी विचारलेही नाही. ‘फिरू कोठे?’ विचारणाऱ्या आजीबाई त्याच गल्लीतल्या. पूर्वी संध्याकाळी त्या त्या झाडाखाली येऊन बसत, चार बायांशी बोलत. झाड गेले आणि त्यांचे येणेही थांबले. त्यांचे गुडघे मी नाही बिघडवले. पण त्यांना घरात बसवण्यात माझाही हात आहे.

उन्हात माणसे मरतात ती केवळ पाऱ्यामुळे मरत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण उष्म्यामुळे दगावले. पारा त्या दिवशी आपल्या खानदेशच्या मानाने काहीच नव्हता. पण हवा दमट होती आणि माणसे तासन् तास उघड्यावर उन्हात बसली होती. सावली नसेल तर कमी पाराही जिवावर बेततो.

याची दुसरी बाजूही आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू अधिक झाले, असे पुढे अभ्यासातून दिसले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा सामना करण्याचा आराखडा केला. त्यात लोकांना आधीच इशारा देणे, दवाखान्यांची तयारी आणि पाणपोया यांवर भर होता. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना चुन्याचा पांढरा रंग देण्याचे कामही त्याला जोडले गेले. यात कोणतेही मोठे यंत्र नाही. चुना आपल्याकडेही मिळतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात कूबर पेडी नावाचे एक छोटेसे गाव आहे. ओपल या रत्नाच्या खाणी तेथे आहेत आणि भोवताली निव्वळ वाळवंट. तेथील पुष्कळ लोक टेकडीच्या पोटात खोदलेल्या घरांत राहतात, कारण जमिनीखाली बारा महिने गारवा असतो. गवताची काडी नसलेल्या मैदानावर ते गोल्फ खेळतात आणि उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी, चमकणारे चेंडू घेऊन. खेळ सोडला नाही, खेळाची वेळ बदलली. कतारमध्ये २०२२ ची जागतिक फुटबॉल स्पर्धा जून-जुलैऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यावी लागली. पैशाला तोटा नसलेल्या देशालाही उन्हापुढे वेळापत्रक बदलावे लागले. आपण मात्र मे महिन्यात भर बाराला लग्नाची टाळी लावतो आणि बँडमागे वऱ्हाड नाचवतो! मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे यातच आजारी पडतात. शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्यांना दोन दिवसही मिळालेले नसतात. लग्न गोरज मुहूर्तावर लावा. अक्षता संध्याकाळीही तितक्याच शुभ असतात.

‘आता घरोघर एसी येतील, मग कशाला झाडे?’ असे तरुण मंडळी म्हणतात. ज्याला परवडेल त्याने एसी जरूर लावावा. म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला त्याचा उपयोगच होतो. पण एसी एक खोली गार करतो आणि तिच्यातली उष्णता गल्लीत फेकतो. गल्लीत राहणाऱ्याचे काय? शिवाय एसीत बसलेला माणूस फिरत नाही, ही तर माझी मूळ तक्रार आहे.

मग करायचे काय? नगरपालिकेने सारे गाव हिरवे करावे, असली मागणी मी करत नाही. तसली आश्वासने दर निवडणुकीला मिळतात आणि रोपे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात लागतात. माझे मागणे लहान आहे. गावातला एक रस्ता निवडावा. फक्त एक किलोमीटर. दर दहा मीटरवर एक झाड धरले तर एका बाजूला शंभर झाडे होतात. शंभर कुटुंबांनी एकेक झाड दत्तक घ्यावे. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेच्या बाजूला आधी लावावीत, म्हणजे दुपारनंतरची सावली रस्त्यावर पडेल. झाडे आपल्या मातीतली असावीत, कडुनिंब, करंज, चिंच. कडुनिंबाची पाने माघ-फाल्गुनात गळतात आणि ऐन उन्हाळ्याच्या आत तो पुन्हा भरतो. आपल्या हवेसाठी याहून शहाणे झाड नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि कुंपण दिले की पुढे ते आपले आपण जगते. भांडी-भाज्या धुतलेले पाणी त्याला चालते.

दुसरे मागणे शाळांच्या चालकांना. सुट्टीत मैदाने सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ उघडी ठेवावीत. एक दिवा, दोन बाक, एक माठ एवढी व्यवस्था पुरे. गल्लीतल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून चार पैसे राखले तरी हा खर्च निघतो. तिसरे मागणे ज्यांच्या दारात जुने झाड आहे त्यांना. ते पाडू नका. शहरी भागातील वृक्षांच्या संरक्षणासाठी राज्यात १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. पण माझ्यासारख्याला परवानगी मिळतेच. कायद्यापेक्षा आपली सावली आपल्याला हवी असणे महत्त्वाचे.

आता डॉक्टर म्हणून काही सूचना देतो. कात्रण काढून भिंतीला लावा.

१) सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी सहापूर्वी मुलांना क्रिकेट खेळू देऊ नका. खेळताना दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला लावा. चक्कर, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे आले की खेळ तेथेच थांबवावा.

२) तहान लागण्याची वाट पाहू नका. ताक, पन्हे, लिंबूपाणी उत्तम. जुलाब-उलट्या झाल्यास किंवा उन्हाने गळून गेल्यास जलसंजीवनी द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणाने असंख्य पटकीचे रुग्ण वाचवले. मधुमेहींनी ते रोजचे सरबत म्हणून पिऊ नये. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे.

३) रक्तदाबासाठी लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे, मानसिक आजाराची औषधे घेणारे, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांना ऊन लवकर बाधते. गोळ्या मनाने बंद करू नका. उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे विचारून घ्या.

४) अंग चटके बसण्याइतके तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडेच असेल असे नाही. खिशातला कांदा काढून हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि तापाची गोळी देऊ नका; ती येथे काम करत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, काख आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करायचे आणि वाहन येताच हलवायचे.

५) कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा. अर्थिंग तपासून घ्या. पाणी अनेक दिवसांचे साठवावे लागत असेल तर टाक्या-रांजण झाकून ठेवा आणि कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

६) स्लॅबवर किंवा पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या. खोलीत फरक जाणवतो.

आपले धरणगाव बालकवींचे. १३ ऑगस्ट १८९० रोजी ते येथे जन्मले आणि झाडे, झरे, फुले यांच्या कवितांनी सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शाळेत आपण ते अभिमानाने सांगतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि वैशाखाच्या कडक उन्हात कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. आपल्या लोकांनी सर्वांत तापलेल्या दिवसांतला सण झाडाखाली घातला, त्याच दिवशी पाण्याची घागर भरायला लावली. यात आरोग्याचा किती विचार आहे! गेल्या वर्षी माझ्या पुतणीने झोका बांधला तो लोखंडी पाइपाला, पत्र्याच्या शेडखाली. म्हणाली, ‘‘काका, हात भाजतात.’’ ते शेड माझेच.

येत्या मृगात ते शेड अर्धे काढून तेथे कडुनिंबाचे रोप लावणार आहे. सावली यायला सात-आठ वर्षे लागतील. तोवर रुग्णांना ताडपत्रीखाली बसावे लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आजीबाईंना निरोप धाडला आहे. रोपाला रोज तांब्याभर पाणी घालायला त्यांनी संध्याकाळी यावे. त्यांच्या घरापासून दवाखाना जाऊन-येऊन चारशे पावले आहे. सध्या फिरायला एवढेच.

ज्यांना शंभरांपैकी एक झाड घ्यायचे असेल त्यांनी दवाखान्यात नाव लिहून जावे. तपासणी फी लागणार नाही.